भिंतीवरल्या सर्टिफिकिटाचा पगार
"साहेब आलेत, लेकरू उचल अन् भायेर हो!" मालक वरडला तवा मी गिऱ्हाइकाला गोळ्या द्यायलते. गोळ्या तशाच टाकल्या, लेकराला काखेत मारलं अन् दवा घ्यायला आल्यावानी काउंटरच्या भायेर हुबी ऱ्हायले.

जिंतूरच्या त्या औषधाच्या दुकानात दिवसभर गोळ्या मीच द्यायचे, पर माझं शिक्षण नववी नापास. भिंतीवर गोळ्या द्यायचं फोटोसकट सर्टिफिकिट दुसऱ्याचंच. त्यो परभणीला ऱ्हायचा, म्हैन्याला येऊन सह्या करायचा अन् माझ्या दुप्पट पैशे न्यायचा. पगार वाढवा म्हनलं की मालक हसायचा, "बाई, आधी तसला कागद आन!" त्या कागदाला बारावी पायजे, मग औषधाचं कालेज. लेकरू कुनापशी ठिवू?

औषध खात्याकडून दुकान तपासायला आलेल्या साहेबानं नेमकं मलाच इच्यारलं, "ताई, हितं गोळ्या कोन देतं?"

मालक डोळे वटारून बघायलता. खरं बोलले तर दुकान बंद, म्हंजे माझी भाकर बंद. मी भिंतीवरल्या फोटोकडं बोट केलं. "हेच देतेत की. आत्ताच जेवाया गेलेत. लय चांगले हायेत."

साहेब गेले. त्याच्या सर्टिफिकिटाला धोका वाढला म्हनून मालकानं फोटोवाल्याचे पैशे वाढवले, माझे न्हाई. माझ्या जागी तुमी असता, तर काय सांगितलं असतं?