मांगाइयाला न पोचलेलं जहाज

अकाइती कामात असली की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई खिडकीतून समुद्र बघत बसली आहे. आणि ती बघतही असायची. रारोटोंगा बेटावरच्या आमच्या कचेरीत तिची खुर्ची पाण्याच्या बाजूला होती. ऑकलंडला शिकून, तिथं थोडी नोकरी करून ती परत आली, कारण तिथल्या खिडकीतून फक्त दुसरी खिडकी दिसायची, असं ती सांगे.

सगळ्या बेटांची मिळून असलेली वेबसाइट तिच्या ताब्यात होती. बोटींच्या वेळा, भरती-ओहोटी, वादळाचे इशारे, मयताच्या सूचना, सगळं तिथंच. मी शेजारच्या टेबलावर त्या सूचनांची भाषांतरं करायचो. ही सगळी पानं ज्या यंत्रणेवर चालायची ती फार म्हातारी झाली होती. बनवणाऱ्यांनीच तिची डागडुजी सोडून दिली होती. उद्या कुणी कुलूप फोडून आत शिरलं तर कुणाकडे दाद मागायची सोय नव्हती. नवी आवृत्ती आणायलाच हवी होती.

"आणायची कधी पण?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे तुतई, तिचा चुलतभाऊ.

"ऑगस्टचा उत्सव होऊ दे. सगळी बेटं नाचायला इकडे येतात. बोटींचं पान घटकाभर बंद पडलं तर लोक तुझ्या दारात येऊन बसतील."

"मग नोव्हेंबर?"

"वादळं कोण, तुझे सासरे अडवणार?"

"म्हणजे उरलं काय गं?"

"मधले दिवस. त्यातून रविवार वजा, रविवारी आपण दोघं चर्चमध्ये गाणार. आणि बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच हात घालायचा. निघून गेलेल्या बोटीची वेळ कुणी विचारत नाही."

त्याआधी तिनं सगळ्या साइटची एक नक्कल केली आणि ती वेगळ्या जागी नव्या यंत्रणेवर चढवली. ती नक्कल तिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हती. दिवसचे दिवस ती त्यात फिरायची. काही पानांतले फोटो हरवले होते, काही गावांच्या नावांत दीर्घ स्वर दाखवायला अक्षरांवर देतात त्या रेघा गळून पडल्या होत्या. दुपारच्या झळाळत्या उजेडात ती अशी बसायची, की जणू ओळखीच्या गावात माणसं यायच्या आधीच पोचली आहे, आणि एकेक दार ढकलून आत डोकावते आहे.

असंच एक दार काही केल्या उघडेना. 'तियारे' नावाच्या मालवाहू जहाजाचं पान. जहाज कधीच मोडीत निघालं होतं. पण पानावर अजून लिहिलेलं होतं: रारोटोंगाहून मांगाइयाला निघालं, समुद्रात आहे. जुन्या यंत्रणेला त्याचं काही वाटत नव्हतं. नवी मात्र हटून बसली. जहाज निघालं असेल तर पोचल्याची तारीख द्या, त्याशिवाय पान घेणार नाही.

"काढून टाक," तुतई म्हणाला. "भंगारात गेलेल्या जहाजाची वाट कोण बघतंय?"

"कुणीतरी बघतंय," अकाइती म्हणाली. नोंदींत तिला दिसलं होतं, की ते पान मांगाइयावरून रोज एकदा उघडलं जातं.

तसंही तिला मांगाइयाला जायचंच होतं. प्रत्येक बेटावर जो कुणी बातम्या चढवतो, त्याला नवी यंत्रणा शिकवणं हे ठरल्या कामापैकीच होतं. तिच्याबरोबर मीही गेलो. मांगाइयाच्या कचेरीत मोएरोआ नावाची बाई हे काम बघायची. अकाइतीनं जहाजाचं विचारताच ती हसायला लागली.

"रुआतोए पापा! रोज दुपार कलली की येतात आणि ते पान बघायला मला खुर्चीतून उठवतात. मी म्हणते, पापा, खुर्चीचं भाडं द्या. तर अळकुडी आणून देतात."

रुआतोए पापा (आमच्याकडे वडीलधाऱ्याला सगळेच पापा म्हणतात) बंदराजवळच्या छपरीत अळकुड्याच सोलत बसले होते. तिथं जहाजाला किनाऱ्याला लागता येत नाही. ते खडकांच्या कड्याबाहेर थांबतं आणि माल तराफ्यावरून आणावा लागतो. पापांनी उभा जन्म तो तराफा हाकला होता.

"पापा, तियारे मोडलं, हे तुम्हाला माहीत आहे ना?" अकाइतीनं हळूच विचारलं.

"मी काय खुळा आहे पोरी?"

"मग रोज बघता काय?"

पापांनी सुरी खाली ठेवली. समुद्र त्या दिवशी अगदी निजल्यासारखा होता.

"समुद्रात आहे असं लिहिलेलं असतं. वाचलं की बरं वाटतं. अंथरुणावर पडलो की डोळ्यांपुढे येतं. दिवे लावून चाललंय आपलं सावकाश. स्वयंपाकी भात टाकतोय, कुणीतरी गिटार काढलीय. कुणाला कसली घाई नाही."

आम्ही तिघंही बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो. मला तर खरोखर वाटलं, की आता क्षितिजावर धुराची रेघ दिसेल.

मग अकाइतीनं अडचण सांगितली. नवी यंत्रणा विचारते, निघालं तर पोचलं कधी?

"म्हणजे माझ्या बायकोसारखीच आहे की!" पापा खो खो हसले. मग म्हणाले, "पोचलं होतं गं ते."

"आं?"

"पोचलं होतं. शेवटची खेप मीच उतरवली. पीठ, छपराचे पत्रे आणि चर्चसाठी घंटा. असंच सपाट पाणी होतं. कप्तानानं जाताना भोंगा इतका वाजवला, की डुकरं रानात पळाली. पण ते लिहिणारा आमचा माणूस त्याच आठवड्यात मुलाकडे ऑकलंडला गेला. मग लिहिणार कोण?"

"इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत!"

"विचारलं कुणी? आणि खरं सांगू, चूक बरी वाटत होती."

अकाइती म्हणाली, "पापा, तुम्ही म्हणाल तर मी काहीतरी खटपट करते. त्या एका पानासाठी वेगळी वाट काढता येईल."

पापांनी मान हलवली. "नको. माझं ठीक आहे, मी निजतो घरात. ती माणसं किती दिवस पाण्यावर राहणार? लिही तारीख." तारीख त्यांना घंटेवरून आठवली; ती चर्चवर कधी टांगली हे त्यांना पाठ होतं. तिथल्या तिथं लॅपटॉप उघडून अकाइतीनं ती भरली आणि खाली पापांच्याच शब्दांत पीठ, पत्रे, घंटा, डुकरं, सगळं लिहिलं. मग पान निमूटपणे नव्या घरात गेलं.

ठरल्या दिवशी, बोट सुटल्याच्या दुसऱ्या सकाळी, सगळ्या बेटांना साइटवर नवं काही लिहिणं थांबवायला सांगितलं. मोएरोआनं तरीही भाचीच्या लग्नाचा फोटो चढवला आणि बोलणी खाल्ली. अकाइतीनं जुन्याची राखीव प्रत तपासून ठेवली, फुलं खोचलेले केस मागे सारले आणि बटण दाबलं. पडदा पांढरा झाला.

"गेलं का?" तुतई कुजबुजला.

"थांब रे. कूस बदलतंय."

तो पांढरा पडदा मला अजून आठवतो. बाहेर पाणीही तसंच पांढरं चमकत होतं. कचेरीत कुणी हललं नाही. मग वरून एकेक ओळ उतरत आली: बोटी, भरती, गावांची नावं, डोक्यावरच्या रेघांसकट. तुतईनं चर्चमधल्यासारखा वरचा सूर लावला.

दुपारी फोन वाजला. मांगाइयाहून पापा होते.

"अक्षरं मोठी केलीस, चांगलं केलंस. तियारेचं वाचलं, मोएरोआलाही वाचून दाखवलं. पण भरतीचं पान कुठं दडवलंस? उद्या मासे धरायला जायचंय."

"वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत बघा, पापा."

"रेघा? इथं एक माशी बसलीय."

"तिला उठवा," अकाइती म्हणाली, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून सावकाश त्यांना वाट सांगू लागली.