आईला पाठव

आमच्या घरात मशेरी लावायची लाज कुणालाच नव्हती, विकत आणायची मात्र होती. सासू, जाऊ आणि मी, तिघी सकाळी मोरीपाशी बसायचो, तळहातावर ती काळी पूड घ्यायचो आणि बोटाने दात घासायचो. तंबाखूची भाजून केलेली पूड ती. डोक्यात जरा झिणझिण्या आल्या की मगच कामाला हात लागायचा. पण दुकानात चार पुरुषांत उभं राहून ‘मशेरी द्या’ म्हणणं बाईमाणसाला शोभत नाही, असा दंडक होता. त्यासाठी पोरं असतात. माहेरी मीही फ्रॉकच्या वयात आईची मशेरी आणायला जायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पूर्वी आम्ही तंबाखू घरीच भाजायचो. पुढे वसईजवळच्या आमच्या जूचंद्र गावातलं सासऱ्यांचं शेत बिल्डरला गेलं आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये आम्हाला फ्लॅट मिळाले. चौथ्या मजल्यावर पहिल्यांदा तव्यावर तंबाखू टाकली, तेव्हा अख्खा मजला खोकत बाहेर आला. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला हात जोडले. त्या दिवसापासून तयार पुडी सुरू झाली आणि ती आणायचं काम माझ्या मुलीकडे गेलं. दुकान खालीच होतं, दुकानदार संगमेश्वरकडचा, शांत माणूस.

मुलगी सातवीत असताना एकदा रिकाम्या हाताने परत आली.

“अंकल देत नाहीत. म्हणाले, आईला पाठव.”

डोकंच फिरलं माझं. केस तसेच वर बांधले आणि तरातरा खाली उतरले. दुकानावर नवीन पाटी लागली होती: अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे दंडनीय गुन्हा आहे. दूध घ्यायला आलेली चार-पाच माणसं उभी होती. ज्या लाजेपोटी पोरीला पाठवत होते ती लाज त्या वेळी कुठे गेली, देव जाणे.

“माज्या पोरीला परत कशाला धाडलंस?”

“वहिनी, कायदा आहे,” तो हळूच म्हणाला. “लहान आहे ती. तुम्ही येत जा. जरा बाजूला या, बोलायचं होतं.”

“बाजूला कशाला? सगल्यांसमोर बोल. मशेरी काय ती खाते? माज्यासाठीच हाय. माज्या सासऱ्याच्या शेतात दुकान टाकलंस, आनि उलट मनाच कायदा शिकवतंस?”

उचलली जीभ लावली टाळ्याला. दूध घ्यायला आलेल्यांतला एकजण हसला. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडे पाहिलं, आणि पुडी काढून काउंटरवर ठेवली. मी लढाई जिंकल्याच्या थाटात जिना चढले. त्यानंतर त्याने तिला कधीच परत पाठवलं नाही.

आमच्या गावच्या पोरींचा हात रांगोळीवर बसलेला असतो. माझ्या मुलीचाही होता. तिची बोटं बारा महिने कुठल्या ना कुठल्या रंगात माखलेली असायची, म्हणून उजव्या तर्जनीच्या नखातलं काळं मला रांगोळीचंच वाटत आलं. मला, जिच्या स्वतःच्या नखात तेच काळं होतं!

आता ती सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते. यंदा तिखट लागलं की तोंड धरून बसायला लागली. वसईला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तिचा खालचा ओठ उलटून मला दाखवला. आत पांढरा चट्टा होता, करंगळीच्या नखाएवढा. त्याचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आला. “पण मशेरी आज, आत्ता बंद करा,” बाई म्हणाल्या. “नाहीतर पुढचा रिपोर्ट असाच येईल, असं मी सांगू शकत नाही. कधीपासून लावतेस?”

“सहावीपासून,” मुलगी म्हणाली. “दाढ दुखत होती, तेव्हा आईने दाबायला दिली होती.”

मला ते आठवतही नव्हतं. माझ्या आईने मला तशीच दिली होती, मी हिला दिली. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

परतताना रिक्षात तिने आणखी सांगितलं. “तू अंकलशी भांडलीस ना, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात लावताना पकडलं होतं. मला वाटलं, आता तुला सांगणार. मी इतकी घाबरले होते! पण तू एवढी ओरडलीस की ते गप्पच बसले.”

एका परक्या माणसाने माझ्या पोरीला वाचवायचं ठरवलं होतं. हातात कायदाही होता त्याच्या. आणि मी त्याला चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, कशासाठी, तर एका पुडीसाठी. स्वतःची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

घरी न जाता सरळ दुकानात गेले आणि त्याला सगळं सांगितलं. “ती आली तरी देऊ नका,” म्हटलं. त्याने हातातली बरणी पुसून जागेवर ठेवली. “नाही देणार, वहिनी,” म्हणाला. माझी डबी मी त्याच संध्याकाळी गटारात रिकामी केली. मुलीसोबत मीही मशेरी सोडणार होते.

नऊ दिवस काढले आम्ही. तिचं डोकं फुटायला आलं, पोट साफ होईना, जेवणावरची वासना गेली. रजा काढून ती डोक्याला ओढणी बांधून पडायची आणि मी बोललेल्या प्रत्येक शब्दावर खेकसायची. तिच्या जिभेला काय हवंय ते मला माझ्या जिभेवर कळत होतं, म्हणून तर सहन होत नव्हतं. दहाव्या दिवशी दुपारी ती भिंत धरत खाली गेली. सव्वीस वर्षांच्या बाईला नाही म्हणायला कुठलाच कायदा नाही. तरी दुकानदाराने नाही म्हटलं. दुसरी दुकानं दहा आहेत, पण तिच्यात चार पावलं टाकायचं त्राण नव्हतं. वर येऊन ती फरशीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली.

“आई, तू जा. तुला देतील. एकदाच. उद्यापासून नाही.”

मी तिला ओरडायला हवं होतं, दार लावून घ्यायला हवं होतं. चट्टा डोळ्यांसमोर होता, अगदी लख्ख. मी चप्पल घातली.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती पाटी अजून तिथेच आहे, उन्हाने अक्षरं पुसट झालेली. मी पुडी मागितली. त्याने हात वर नेला आणि तसाच थांबवला.

“तुमच्यासाठीच ना, वहिनी?”

“माझ्यासाठीच,” मी म्हणाले.

त्याने पुडी काउंटरवर ठेवली. अठरा वर्षं मला केव्हाच पूर्ण झालेली आहेत. मी जिना चढून वर आले. ती दार उघडून उभी होती, डावा तळहात पुढे करून.