पेढे गाईने खाल्ले

साहेबांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून घेतला नाही. म्हणाले, "ओट्यावर ठेव." ठेवला. मग त्यांनी काठीने तो ढकलत ढकलत गाईपुढे नेला. गाईने कागदासकट खाल्ला.

आणि मी काय केलं? गाईला नमस्कार केला! वर म्हणालो, "हुजूर की मेहरबानी." असा मी हुशार.

पेढे माझी नात मॅट्रिक झाली त्याचे होते. आम्हा महारांच्या वस्तीत पहिलीच. ती शेजारीच उभी होती, नवं परकर-पोलकं घालून. पेढे फ्रीगंजातल्या भारी दुकानातले. घरच्यांना गूळ वाटला. साहेबांना हलकं कसं द्यायचं?

साहेबांनी तिला खालून वर पाहिलं. "आता पुढे?"

"कॉलेजात घालतो, हुजूर. बी.ए. करायची."

साहेब पोट हलवून हसले. "अरे, बी.ए. होके क्या करेगी? सोमवारपासून इकडे पाठव. गोठा झाडेल. खाऊन-पिऊन सुखी राहील."

"जी हुजूर," मी म्हणालो.

तोंडाची सवय. मी त्यांच्या कचेरीतला चपराशी. छातीवर पितळी बिल्ला. आधी संस्थानाचा, दोन नागांच्या छापाचा. मग मध्यभारत राज्याचा. आता म्हणे नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला, म्हणजे तिसरा बिल्ला. राज्यं बदलत गेली, मी चिंचेने बिल्ला घासत राहिलो. स्वातंत्र्य आलं त्या सकाळीही घासला. झेंड्याला शोभावा म्हणून!

पदवी हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो त्याच कचेरीत. साहेबांची पदवी काचेत, खुर्चीमागे. दसऱ्याला तिला हार. ती पुसायची मी, पण काठीला फडकं बांधून. हात लावायचा नाही. मला खुळ्याला वाटलं, कागदच तेवढा पवित्र असेल. मनात धरलं, असला कागद आपल्या घरात आणायचाच. मुलगा गिरणीत अडकला. राहिली नात. दर धनतेरसला सराफ्यातून थोडी चांदी घेत गेलो. वस्तीला वाटे, लग्नाची तयारी. मुलांचे बाप चकरा मारत. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावी.

आणि एका "जी हुजूर"ने सगळ्यावर पाणी सोडून आलो.

देवास गेटच्या बस-अड्ड्यापर्यंत नात पुढे पुढे चालली. मग थांबली. "आज्या, मॅट्रिक मी झाले की गाय?"

मी हसायला गेलो. ती हसत नव्हती.

"सोमवारी झाडू घेऊन जाऊ? सांग ना. तू हो म्हणून आलास."

तिथे, बसच्या धुरळ्यात, मला काठी दिसली. फडकं बांधलेली. पेढे ढकलणारी. दोन नव्हेत, एकच. कागद पवित्र नव्हता. त्यांच्या लेखी माझ्या हाताचा विटाळ होता. एवढं कळायला मला उभी नोकरी लागली. पोरीला एक पुडा पुरला.

सोमवारी गेलो. एकटा. ओट्यावर चढलो. जन्मात चढलो नव्हतो. चढताना एक वहाण निसटून खाली पडली. एका वहाणेवर उभा राहिलो. माझी क्रांती ही अशी.

"पोरगी गोठ्यावर येणार नाही."

"आधी खाली उतर!"

"ती कॉलेजात जाणार."

"दिमाग फिर गया क्या? नव्या राज्याच्या यादीत तुझं नाव जाऊ देणार नाही. नोकरी संपली समज."

"संपवा," मी म्हणालो. हुजूर म्हणालो नाही.

त्यांनी शब्द पाळला. तिसरा बिल्ला आला नाही. चांदी मोडली. नात कॉलेजात जाते. तिला मागे, एकटीला बसवतात. तिथूनच उत्तरं देते. मी देवास गेटला बसच्या टपावर सामान चढवतो. पाठ बोंबलते. बोंबलू दे. फी भरली जाते.

तिची पदवी आली की काच लावणार नाही. भिंतीवर टांगणार नाही. वस्तीतल्या प्रत्येकाच्या हातात देणार. शेणाच्या, कोळशाच्या, गिरणीच्या तेलाच्या हातात. मळू दे. चुरगळू दे. पण तिला काठी लागू देणार नाही.