गोड वासाची गोळी

समजा, एका सहा वर्षांच्या मुलीला तुम्हाला रोज सकाळी औषध पाजायचं आहे. घर दोन खोल्यांचं, मधे दार नाही, नुसता पडदा. सुनेची नजर तीक्ष्ण. शेजारीण चहापावडर मागायला कधीही आत येते. औषध कशाचं आहे हे कुणाला कळता कामा नये, आणि ते एक दिवसही चुकता कामा नये. मुलीने थुंकलं तर ओरडायचीही सोय नाही. जमेल?

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या पुतळाबाईंना जमत होतं. रुचिका त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी. थोरला पॉवरलूमवर जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. तो आणि त्याची बायको, दोघांनाही एचआयव्ही असल्याचं फार उशिरा कळलं. दोघंही गेले, आणि मागे राहिलेल्या लेकीच्या रक्तातही तेच निघालं. धाकटा धनेश आणि त्याची बायको निशा यांना टीबीने गेले एवढंच माहीत. निशाचा दोन वर्षांचा भाविक रुचिकाच्याच ताटातला भात खायचा. ज्या दिवशी निशाला कळेल त्या दिवशी रुचिकाचं ताट वेगळं होईल, याबद्दल पुतळाबाईंच्या मनात शंका नव्हती. म्हणून घरात सांगितलेलं, हे रक्त वाढायचं औषध.

पूर्वी ते सिरप होतं. इतकं कडू की पोर डोळे मिटून, पायाचे अंगठे आवळून प्यायची. पुतळाबाईंना त्या कडूपणाचा आधार वाटे. एवढं कडू आहे म्हणजे आत जाऊन काहीतरी करत असणार.

मग भिवंडीच्या उपचार केंद्रात औषध बदललं. लहान मुलांसाठी नव्या गोळ्या आल्या होत्या. केंद्रातली तय्यबा, जी रुग्णांच्या घरोघरी जाऊन विचारपूस करायची, तिने एक गोळी वाटीत टाकली, वर थोडं पाणी ओतलं. गोळी विरघळली आणि बर्फाच्या गोळ्यावर घालतात त्या सरबतासारखा वास सुटला.

"ह्ये औषध हाय?" पुतळाबाईंनी विचारलं.

"हो मावशी. पोरं आवडीने पितात."

"आवडीनं? औषध कवा कोन आवडीनं पितं, बाय? मोठ्या लोकांच्या पोरांना काय देतात?"

"हेच."

"तू बघितलंस?"

तय्यबा हसायला लागली. "मावशी, तुम्ही तर सीआयडीमध्ये पाहिजे होतात!"

पुतळाबाई हसल्या नाहीत. परत येताना शेअर रिक्षात त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या. फुकट मिळतंय, वर गोडही आहे. खरं औषध संपलं असेल. किंवा गरिबांच्या पोरांवर काहीतरी करून बघत असतील. तय्यबा चांगली आहे, पण तिला तरी वरचे लोक खरं सांगत असतील कशावरून?

गोळ्या फेकायची त्यांची हिंमत नव्हती आणि त्यांच्यावर भरवसाही बसत नव्हता. त्यांनी स्वतःच मार्ग काढला. डब्यात कडूजहर काडेकिराईत होतं, तापाला आणि जंताला पिढ्यानपिढ्या घरात चालत आलेलं. त्या काड्या रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी त्या काळपट पाण्यात गोळी विरघळवायची. औषधाला जोर आला पाहिजे.

रुचिका प्यायची आणि बहुतेक सकाळी मोरीत ओकायची. पुतळाबाई पाठीवर हात फिरवत म्हणायच्या, "जाऊ दे गो, घाण बाहेर पडतेय."

पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू वाढलेला निघाला. दोन दिवसांनी सकाळी तय्यबा शेलारला आली. गल्लीच्या तोंडाशीच तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. निशा भाविकला कडेवर घेऊन दळण आणायला गेली होती.

"मावशी, खरं सांगा. गोळ्या बंद केल्यात?"

"देवाशपथ न्हाय! रोज देते."

"मग रिपोर्ट असा कसा आला?"

"तुमच्या गोळीलाच विचार ना. मी पहिल्या दिवशीच बोलले होते."

एकीला वाटत होतं, ही लपवते आहे. दुसरीलाही तेच वाटत होतं.

"आजची दिलीत? नाही? मग माझ्यासमोर द्या."

पुतळाबाईंनी पडद्याआडून पेला आणला. तय्यबाने तो नाकाशी नेला, मग बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिचं तोंड कसनुसं झालं.

"या अल्लाह! हे काय आहे?"

"किराईत. जोर यावा म्हणून."

"ती ओकते का?"

पुतळाबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या रुचिकाकडे पाहिलं. रुचिकाच म्हणाली, "रोज न्हाय. कवा कवा राहतं पोटात."

तय्यबाने पेला खाली ठेवला. "मावशी, अहो, औषध मोरीत चाललंय! गोळी गोड केली ती पोटात राहावी म्हणून. तुम्ही महिनोन् महिने तिला..." पुतळाबाईंचा चेहरा बघून ती थांबली. तिने पेला मोरीत ओतला, धुतला, नुसत्या पाण्यात नवी गोळी टाकली. रुचिकाने ते एका दमात पिऊन ओठ चाटले. पुतळाबाई मोरीकडे बघत राहिल्या, आता ओकेल, मग ओकेल. ती ओकली नाही.

तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं. निशा. एका काखेत भाविक, दुसऱ्या हातात पिठाचा डबा. तिने तय्यबाकडे पाहिलं, मग पेल्याकडे.

"कोन या? सकाळी सकाळी?"

तय्यबाने पर्स पाठीमागे सरकवली.

"काकी, शाळेच्या बाई आल्यात," रुचिका म्हणाली, अगदी सहज. "माझं वजन कमी हाय ना, म्हनून घरी काय खाते ते बघतात." आणि हात पुसून तिने पेला फळीवर, पितळी डब्याच्या मागे ठेवून दिला.

निशा "बरं" म्हणाली आणि पीठ ओतायला आत गेली.

पुतळाबाई नातीकडे बघत राहिल्या. असं बोल म्हणून त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. लपवायचं आहे एवढंही कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. मग ह्या पोरीला नेमकं काय काय माहीत आहे?