स्वस्ताईचं गाव

माझ्या वडिलांना स्वस्ताईची हौस होती. काटकसर वेगळी, ती घरासाठी असते. यांची हौस चारचौघांत सांगण्यासाठी होती. अकोल्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जठारपेठेतलं घर विकलं आणि आम्हाला थेट रत्नागिरीला नेलं. कचेरीतल्या एका कोकणी सोबत्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की तिथं भाडं नावापुरतं, उन्हाळ्यात लू नाही आणि पाण्यासाठी वणवण नाही. आईला त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. मला तर सांगितलंही नाही.

स्वस्ताई होती, खोटं कशाला बोलू? बाजारात मासे स्वस्त होते, आणि आमच्या घरात मासे शिजत नव्हते. आम्हाला लागायची ज्वारी आणि तुरीची डाळ. ती घाटावरून यायची आणि अकोल्याहून महाग पडायची. वडील तिच्याबद्दल बोलत नसत. नारळाबद्दल बोलत.

आईनं निघताना वर्षाचं धान्य बरोबर घेतलं होतं. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात ज्वारी उन्हात तापवायची, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरायची, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघायला नको. तिनं इथंही तेच केलं. शेजारीण कोठी बघून म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे एवढा साठा टिकायचा नाही हो." आईला वाटलं, ही नजर लावते. आषाढात पाऊस लागला तो थांबेचना. भिंतींना ओल, अंथरुणाला ओल. श्रावणात कोठी उघडली तर ज्वारीचे बुरसलेले गोळे निघाले. आई तिथंच बसून रडली. ती ज्वारीसाठी रडत नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं.

त्या दिवशी ती वडिलांना म्हणाली, "मले अकोल्याले घेऊन चाला. भाड्याच्या खोलीत राहीन, पण मले इथं जमून नाही राह्यलं."

"लोक काय म्हणतीन? घर इकून गेले अन् साल नाही झालं तं वापस आले?"

खरी गोम तिथं होती. अकोल्यातल्या आणि अमरावतीतल्या एकूण एक नातेवाइकाला त्यांनी या गावाचं कौतुक लिहून कळवलं होतं. आता कोणत्या तोंडानं परतणार? आई मात्र दोन वेळचा भात खाऊन वाळत चालली. पोटात काही गेल्यासारखंच वाटत नाही, म्हणायची. ओल सांध्यांत शिरली आणि पायऱ्या उतरताना तिला भिंत धरावी लागू लागली.

दिवाळी झाल्यावर वरूडहून मामा आला, आईचा एकुलता धाकटा भाऊ. आगगाडी आणि बोट करत, संत्र्यांची करंडी सांभाळत आला बिचारा. त्याला बघून माझा जीव भांड्यात पडला. मामाचं अमरावतीला घर होतं आणि वडील त्याचा शब्द मोडत नसत. आईनं नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

जेवताना मामानंच विषय काढला. "बाई, लय वाळली तू. जमते का तुले इथं? नाहीतं अमरावतीचं घर रिकामंच पडून आहे. सारेच चाला."

वडील ताटात बघत राहिले. मी आईकडे बघत होते.

आमच्यात बाईनं माहेरच्या माणसापुढे नवऱ्याचं उणं काढायचं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला लहानपणापासून पाजलेलं. आई चक्क हसली. "मले काय झालं? मस्त आहो मी. इथल्यासारखी हवा कुठीच नाही. तू कावून जीवाले घोर लावून घेतं?"

मामाचा चेहरा मोकळा झाला. वडिलांनी भात मागून घेतला.

मामाला बोटीवर पोचवून वडील घरी आले, तेव्हा आई दारातच उभी होती. "तुमची लाज झाकली मी," ती म्हणाली. "आतातरी माह्यं आयका. नेऊन घाला मले."

"आता कसं जाऊ?" वडिलांनी शांतपणे टोपी खुंटीला लावली. "तूच तं भावाले सांगितलं, मस्त आहो म्हणून. वापस गेलो तं तूच खोटी पडशीन."

मला त्या क्षणी त्यांची जी चीड आली, ती ते गेल्यावरही गेलेली नाही. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. बोलते मी.

आईनं पुन्हा अकोल्याचं नाव काढलं नाही. वऱ्हाडातून कुणी आलं की वडील हौसेनं समुद्र दाखवून आणत. मग ओटीवर ऐसपैस बसून तिच्यादेखत पाहुण्याला सांगत, "मी तं आजही वापस जायले तयार आहो. पण हिचाच पाय नाही निघून राह्यला इथून."

पाहुणा आईकडे बघे. ती त्याच्या हातात चहा देई आणि मान डोलावी.