जुना मिक्सर खोलताना

आमच्या कारखान्यात मिक्सर बनतात. यंदा कंपनीनं वापरलेले मिक्सर परत घेऊन दुरुस्त करायचं ठरवलं, आणि जोडणीवर काम करणाऱ्या आम्हा बायकांना ते खोलायला शिकवू लागले. ज्यांना जमणार नाही त्यांचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाताईंचा हात पहिल्या दिवशी सवयीनं स्क्रू आवळायलाच वळला. त्या ओशाळून म्हणाल्या, "हात ऐकतच नाही गं."

अखेर तळाचं झाकण निघालं. आत झिरपलेली हळद वाळून बसली होती. ताई बघतच राहिल्या. "आपण बनवलेलं पुढं कुणाच्या घरी कसं राबतं, कधी पाहिलंच नव्हतं."

मला वाटलं, नवे मिक्सर सगळे सारखेच असतात. जुना मात्र प्रत्येक वेगळा झिजलेला. तो कुठं झिजलाय ते ओळखायला निराळी नजर लागते, आणि वस्तूविषयी थोडी माया असल्याशिवाय ती येत नसावी.

ताईंनी ब्रशनं हळद झाडली, झिजलेला भाग बदलला, झाकण बसवलं आणि बटण दाबलं. मिक्सर घरघरला. तो बंद न करताच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आण गं दुसरा!"