उन्हात मागितलेली पिवळी काच

आमच्या घरी मिसळणाचे डबे दोन. एकात हळद, तिखट, मोहरी. दुसऱ्यात मऊ फडक्यावर ठेवलेल्या, रुपयाएवढ्या रंगीत काचा. फिकी पिवळी, गडद पिवळी, नारिंगी, राखाडी. कामाला येणाऱ्या अक्कांनी एकदा चुकून त्या डब्यात जिरे ओतले, तेव्हा आमच्या ह्यांनी जे आकांडतांडव केलं ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. "अहो, जिरेच आहेत, ॲसिड नाही," असं मी म्हटलं, तर दोन दिवस अबोला.

ह्यांनी जन्मभर सरकारी कारखान्यात इंजिनियरकी केली. निवृत्त झाल्यावर बंगळूरला बनशंकरीच्या घरात बसून मला फोडणी कशी करावी ते शिकवायला लागले, तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, बाहेर कुठेतरी जीव रमवा बाबा. कॉलेजात असताना नेमबाजी करायचे, ती पुन्हा सुरू झाली. पन्नास मीटरवर रायफल, पालथं झोपून. नेमबाजाचा चष्माही वेगळाच असतो. उजव्या डोळ्यापुढे एक गोल भिंग, आणि डाव्यावर पांढरी झापड, म्हणजे तो डोळा मिटायला लागत नाही. भिंगापुढे रंगीत काच अडकवायला ह्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्या अण्णांकडून पितळी कडं करून आणलं होतं. ढगाळ असलं की पिवळी लावायची. कागद उजळतो आणि काळं वर्तुळ ठसठशीत दिसतं. कडक उन्हाला राखाडी, नाहीतर कागद डोळ्यांवर येतो. बंगळूरचं आभाळ दहा मिनिटंसुद्धा एका मताचं नसतं, त्यामुळे सकाळभर अदलाबदल चालायची.

काचा द्यायचं काम माझं. शेजारी खुर्ची टाकून मी दुर्बिणीतून बघायची आणि गोळी कुठे लागली ते घड्याळाच्या काट्यांवर सांगायची. "नऊ, तीन वाजता," म्हणजे नऊच्या रिंगणात, उजवीकडे. मला हे सगळं फार आवडायचं, खोटं कशाला बोलू! ह्यांच्या कारखान्यातलं मला कधी ओ की ठो कळलं नव्हतं. इथे मात्र माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नसे.

त्या दिवशी लख्ख ऊन होतं. रांगेतल्या सगळ्यांनी राखाडी काचा चढवल्या होत्या. मीही राखाडी पुसून तयार ठेवली.

"गडद पिवळी दे," हे म्हणाले.

"अहो, ऊन आहे."

"कसलं ऊन? ढग आलेत की."

मी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं, कुठे कापसाच्या बोळ्याएवढा ढग नाही. तरी मी गडद पिवळी दिली. गोळी दहात लागली. पुढचीही दहात.

मोतीबिंदू असेल, मी मनाशी म्हटलं. या वयात कुणाला होत नाही? एका सकाळी जाऊन काढून येतात लोक. ज्येष्ठांची स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. आत्ता डॉक्टरकडे नेलं तर रायफल सुटणार, आणि मग हे पुन्हा दिवसभर खिडकीशी बसणार. स्पर्धा होऊन जाऊ दे, म्हटलं. ती झाली, तिसरे आले. मी पेढे वाटले. मग दुसरी स्पर्धा आली. आमची डोळ्यांची तपासणी म्हणजे चष्म्याच्या दुकानात नंबर बघून येणं. तो काही फारसा बदललेला नव्हता. मी आपली पिवळीवर पिवळी चढवून देत राहिले.

घरात ह्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. चहाचा कप टेबलाच्या डाव्या कडेवरून थेट फरशीवर. "लक्ष कुठे असतं तुमचं? धांदरट कुठले!" मी ओरडायची. लक्षाचा काही दोष नाही हे मला ठाऊक होतं, आणि बहुतेक म्हणूनच मी जास्त ओरडायची.

असं दीड वर्ष गेलं. मग एकदा बसवनगुडीत कॉफीची पूड घेऊन रस्ता ओलांडताना डावीकडून स्कूटर आली आणि ह्यांना घासून गेली. कोपर सोलवटलं, पूड रस्त्यावर सांडली. हे उठून बसले आणि मला म्हणाले, "दिसलीच नाही गं." अगदी लहान मुलासारखं म्हणाले. त्याच दुपारी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवतात. आत प्रकाशाचे ठिपके लागतात. दिसला ठिपका की बटण दाबायचं. मी मागे स्टुलावर बसले होते. तपासणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर ठिपक्यांमागून ठिपके पुढे सरकत होते आणि ह्यांचं बोट बटणावर नुसतं ठेवलेलं होतं. दाबा ना, दाबा ना हो, असं मी मनात म्हणत होते.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं. मोतीबिंदूसारखा हा काढून टाकता येत नाही. नजर कडेकडेने जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून नेम लागत राहिला. डावा तर झापडेमागेच असायचा, तो जवळजवळ गेलाच. उजव्याचं जे उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं.

"कधीपासून जाणवत होतं?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोनेक महिने झाले असतील," मी म्हटलं.

तेव्हापासून मला त्या निळ्याशार आभाळाने झपाटलंय. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले आणि वर तसं आभाळ असलं की हातातला कपडा हातातच राहतो. कधी दुपारी हे झोपले की गडद पिवळी डोळ्याला लावून बघते. समोरची गच्ची, टाक्या, तारा, सगळं इतकं स्वच्छ दिसतं की आपल्या डोळ्यांत काही बिघाड असेल हे खरं वाटत नाही. मग माझी मलाच भीती वाटते आणि मी आत येते.

आणि हे सगळ्यांना सांगत सुटायचे, "हिने वेळेत नेलं म्हणून उजवा वाचला." नागपूरच्या नणंदेला फोनवर सांगायचे. खालच्या मजल्यावरच्या शेजारीण अक्कांना सांगायचे, त्या कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरोबर केलंत, असं म्हणत माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची.

गेल्या महिन्यात सकाळचे थेंब घालत होते. मान मागे टाकून हे म्हणाले, "तू नसतीस तर मी आंधळा झालो असतो." मला सहनच होईना. "मला दीड वर्ष आधी कळलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही लख्ख उन्हात पिवळी मागितलीत, त्या दिवशी. मी गप्प बसले. चुकलं माझं."

ते छताकडे बघतच म्हणाले, "मग डावाही वाचला असता."

"हो," मी म्हटलं.

"दे ती बाटली."

तेव्हापासून थेंब ते स्वतःच घालतात. निम्मे डोळ्यात जातात, निम्मे गालावरून ओघळतात. "द्या, मी घालते," असं मी रोज म्हणते. ते रोज नको म्हणतात.